'लाघवी' : अर्थ, वापर आणि नेहमीचे घोटाळे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'लाघवी' हा शब्द कळतो जवळजवळ सगळ्यांना, पण वापरायची वेळ आली की हात अडखळतो. तो कौतुकाचा की टोमण्याचा, पुरुषाला लावावा का, इंग्रजी 'स्वाव्ह'ला (सफाईदार, रुबाबदार वागण्याच्या शब्दाला) चालेल का, 'शब्दलाघव' म्हणजे गोड बोलणं का, असे प्रश्न अनुवादक, शिक्षक, मुद्रितशोधक आणि पालक सतत पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

1. 'लाघवी' म्हणजे नेमकं काय?

ज्याच्या बोलण्यावागण्यात असा हळुवार गोडवा असतो की समोरचा माणूस नकळत विरघळतो, तो लाघवी. मात्र 'गोड' आणि 'लाघवी' एकच नव्हेत. गोडवा नुसता असून भागत नाही, तो कुणाकडे तरी वळलेला लागतो. एकटा बसलेला माणूस देखणा दिसू शकतो, रुबाबदार दिसू शकतो, पण लाघवी म्हणायला त्याच्यासमोर कुणीतरी असावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे सहजपणा. प्रयत्न दिसायला लागला की लाघव संपलं आणि खुशामत सुरू झाली. ही सीमारेषा नेमकी कुठे असते ते प्रश्न 7 आणि 10 मध्ये आहे.

2. हा शब्द आला कुठून? 'लघु'शी याचा खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो कळला की शब्दाचा स्वभावच उलगडतो. संस्कृत 'लघु' म्हणजे हलका. त्यापासून भाववाचक नाम झालं 'लाघव', म्हणजे हलकेपणा. 'गुरु'चं गौरव, 'मृदु'चं मार्दव, 'पटु'चं पाटव, 'ऋजु'चं आर्जव, तसंच 'लघु'चं लाघव. पहिल्या स्वराची वृद्धी होते आणि शेवटच्या 'उ'चा 'अव' होतो. त्या लाघवाला 'ई' लागून 'लाघवी' हे विशेषण तयार झालं.

आता हलकेपणापासून गोडव्यापर्यंत अर्थ कसा पोचला? जे हलकं ते चपळ, म्हणून हाताची चपळाई हे 'हस्तलाघव'. चपळाईतून कौशल्य, कौशल्यातून युक्ती आणि करामत. माणसाला जिंकून घेणं हेही कौशल्यच, आणि मराठीने याच अर्थाला जवळ केलं.

'लाघव' आणि 'गौरव' ही जोडी मुद्दाम लक्षात ठेवा. गौरव म्हणजे वजन, लाघव म्हणजे वजन काढून घेणं. लाघवी माणूस स्वतः हलका होतो आणि समोरच्याला वजन देतो. त्याच्या मागण्याचं, सांगण्याचं, अगदी नकाराचंही ओझं होत नाही. या शब्दाबद्दलच्या बहुतेक शंका एवढ्या एका कसोटीवर सुटतात.

3. लिहायचा कसा? उच्चार कसा करायचा?

लिहिताना ला-घ-वी. 'ल'ला काना, 'घ' पूर्ण, 'वी' दीर्घ. बोलताना मधला 'अ' गळतो आणि 'लाघ्वी' असं ऐकू येतं, 'मानवी'चं 'मान्वी' होतं तसंच. म्हणून 'घ्' अर्धा लिहायचा नाही. 'लाघवि' चुकीचं, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार सहसा दीर्घ लिहितात. 'लाघवीपणा'मध्येही तो दीर्घच राहतो, कारण 'पणा' हा मराठी प्रत्यय आहे.

सगळ्यात महत्त्वाची काळजी पहिल्या कान्याची. तो सुटला की 'लघवी' होतं, आणि छापील मजकुरात याहून वाईट मुद्रणदोष शोधून सापडणार नाही. "त्यांच्या लाघवी बोलण्याने सभा जिंकली" या वाक्यात काना गळाला तर काय होईल ते सांगायला नको. दोन्ही शब्द एकाच 'लघु'च्या घराण्यातले असल्यामुळे अक्षरं तीच आहेत. फोनवरचा कीबोर्ड अनेकदा जास्त वापरातला शब्द आधी सुचवतो. उच्चार ऐकून लिहिणाऱ्या ॲपमध्येही भरभर बोललं की काना हरवतो. म्हणून मजकूर पूर्ण झाला की त्यात 'लघवी' हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून मगच दुरुस्त करा. 'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. आरोग्यविषयक मजकुरात त्याने उलटा अनर्थ होतो.

4. लिंग-वचनाप्रमाणे हा शब्द बदलतो का?

नाही. लाघवी मुलगा, लाघवी मुलगी, लाघवी पोर, लाघवी माणसं. विभक्ती लागली तरी तसाच, 'लाघवी माणसाला', 'लाघवी स्वरात'. क्रियाविशेषण हवं असेल तर 'लाघवीपणे', 'लाघवीपणाने' किंवा 'लाघवी आवाजात' असं म्हणावं. भाववाचक नाम म्हणून 'लाघवीपणा' सर्वत्र चालतो. 'लाघव' त्याहून नेटकं आहे, पण त्याला दुसरेही अर्थ चिकटलेले आहेत (प्रश्न 15).

5. 'लाघवी' कशाकशाला लावता येतं?

माणूस, स्वभाव, बोलणं, हसू, आवाज, नजर, आग्रह, शैली. पायाशी घोटाळणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाला किंवा मांजरीला लावलं तरी कुणी हरकत घेणार नाही, कारण तेही आपल्याकडून काहीतरी मिळवतंच.

साडी, इमारत, गाव, जेवण, गाडी यांना लावता येत नाही. 'लाघवी पैठणी' म्हणत नाहीत, 'देखणी' किंवा 'मोहक' म्हणतात. लेखनाला चालतं, मात्र ते लेखन वाचकाशी बोलणारं असेल तरच. लाघवी पत्र असतं, लाघवी ललित लेख असतो. लाघवी अहवाल नसतो.

6. लाघवी बोलणं म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? उदाहरण देऊन सांगा.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहू. साडीच्या दुकानात गादीवर बसलेला विक्रेता म्हणतो, "ही घ्या, छान आहे." दुसरा म्हणतो, "वहिनी, घ्यायचं राहू द्या हो, नुसती अंगावर टाकून तर बघा."

दुसऱ्याने काय केलं? 'वहिनी' म्हणून नातं जोडलं. 'घ्यायचं राहू द्या' म्हणून खरेदीचं ओझं उतरवलं. 'हो' घालून ते उतरवणं मनापासूनचं वाटेल असं केलं. 'नुसती' म्हणून मागणं लहान केलं आणि 'तर' लावून नकाराची जागा कमी केली. पदर खांद्यावर आला की गिऱ्हाईक आरशाकडे वळतंच. विक्रेत्याला साडी विकायची आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, तरीही फसवल्यासारखं वाटत नाही. हे लाघव.

मराठीत या कामाला फार लहान शब्द लागतात. 'ना', 'की', 'हं', 'हो', 'गं', 'रे', 'जरा', 'बरं का', 'बघा'. "पाणी द्या" ही मागणी. "जरा पाणी देता का?" ही विनंती. "जरा पाणी देता का हो, मावशी?" इथे लाघव सुरू होतं. 'द्याल का' पेक्षा 'देता का' जवळचं वाटतं, कारण भविष्यकाळातलं 'द्याल' थोडं अंतर ठेवतं.

मुलांना हे कुणी शिकवत नाही. "आजी, ऐक ना गं, तुझ्या हातचा लाडू आणि दुकानातला लाडू एकसारखा लागतच नाही," असं म्हणून सहा वर्षांचं पोर डब्याकडे बघत उभं राहतं. लाडू मागितलेला नाही, आणि तरी डबा उघडतो. वाक्यातला 'च' काढून पाहा, जोर निम्मा होतो. 'गं' काढून पाहा, आजी लांब जाते.

आणि बिघडतं कुठे? हे शब्द मोजून घातले की. "मॅडम, जरा बघा ना, प्लीज ना, एकदाच ना" यात तीन 'ना' आले आणि लाघवाची कटकट झाली. एका वाक्यात एखाददुसरा पुरतो.

7. हा कौतुकाचा शब्द आहे की टोमण्याचा?

मुळात कौतुकाचा. पण त्याच्या पोटात 'समोरच्याकडून काहीतरी मिळवणं' दडलेलं असल्यामुळे शेजारचे शब्द आणि आवाज त्याला वळवू शकतात. "फार लाघवी आहे ती" यात शुद्ध कौतुक आहे. "मोठा लाघवी आहे हं तो" यात सावधगिरीचा इशारा आहे, कारण 'मोठा' आणि 'हं' मिळून 'जपून राहा' असं सांगतात. "भलताच लाघवी" म्हटलं की संशय जवळजवळ उघड होतो.

लिहिताना आवाज नसतो, म्हणून विशेषणांची जोडी नीट बसवावी. 'लाघवी आणि निर्मळ', 'लाघवी, हसतमुख' असं म्हटलं तर कौतुक पक्कं. 'लाघवी आणि धूर्त' म्हटलं तर दुसऱ्या शब्दाने पहिल्यालाही रंगवलं. 'लाघवी पण कामसू' हे चमत्कारिक वाटतं, कारण त्या 'पण'मुळे लाघवीपणा हा दोष ठरतो. असं वाक्य लिहिलं गेलं असेल तर 'पण' काढून 'आणि' घाला.

8. पुरुषांना लाघवी म्हणतात का? की फक्त बायका-मुलांना?

म्हणतात. लाघवी जावई, लाघवी डॉक्टर, लाघवी कीर्तनकार हे सहज कानावर पडतं. लहान मुलं आणि तरुण मुलींना हा शब्द जास्त लावला जातो ही गोष्ट खरी, पण ती सवय आहे, नियम नाही. वयाने किंवा अधिकाराने मोठ्या माणसाला तोंडावर "तुम्ही फार लाघवी आहात" म्हणू नये. त्यात मोठ्याने लहानाची पाठ थोपटल्याचा सूर येतो. "तुमचं बोलणं फार लाघवी आहे" इतका बदल केला की तो सूर जातो.

9. 'लाघवी' आणि 'आर्जवी' यांत फरक काय?

आर्जवी माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते तो उघडपणे मागत असतो. लाघवी माणसाला काही हवं असेलच असं नाही. गाडी चुकलेला प्रवासी फलाटावर आर्जवी स्वरात विचारतो. घरी आलेल्या पाहुण्याला यजमान लाघवी आग्रह करतो. पहिल्यात गरज बोलते, दुसऱ्यात जिव्हाळा.

एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. 'आर्जव' हा 'ऋजु'चा, म्हणजे 'सरळ'चा भाव. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत तो सरळपणा या अर्थाने येतो. मराठीत त्याची विनवणी झाली. 'लाघव' आणि 'आर्जव' दोघेही एकाच साच्यातून निघाले, दोघांनीही मराठीत येऊन आपला मूळ अर्थ सोडला आणि दोघेही माणसामाणसांतल्या बोलण्यात येऊन बसले.

10. गोडबोल्या, मानभावी, लाळघोट्या, लघळ, लोचट हे सगळे लाघवीचेच वाईट भाऊ का?

शेजारी म्हणता येतील, पण प्रत्येकाचं घर वेगळं.

'गोडबोल्या'चं बोलणं गोड असतं आणि मागे काही नसतं. शब्द देतो, पाळत नाही. लाघवी माणसाचं वागणंही बोलण्यासारखंच गोड असतं, म्हणून त्याला 'गोडबोल्या' म्हणणं हा अन्याय. 'लाळघोट्या' फक्त वरच्यापुढे वाकतो. साहेबाशी मऊ आणि शिपायाशी कडक असेल तर तो लाळघोट्या, दोघांशी सारखाच असेल तर लाघवी. ओळखायची ही पक्की खूण आहे.

'लघळ' हा ऐकायला सगळ्यांत जवळचा आणि म्हणूनच घोटाळ्याचा शब्द. त्यात नको तितकी सलगी आहे, अंगचटीला येणं आहे. 'लाघवी' लिहायचं असताना 'लघळ' लिहिलं गेलं तर बदनामी होते, विशेषतः बाईबद्दल लिहिताना. 'लोचट' म्हणजे नकार ऐकूनही न हटणारा. लाघवी माणूस नकार हसून घेतो आणि विषय बदलतो.

'मानभावी' म्हणजे वरून नम्र, आतून वेगळा. हा शब्द 'महानुभाव' या पंथाच्या नावावरून आला आहे. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला त्याच्या नावाचा अर्थ असा वाईट व्हावा हे दुःखाचं आहे. 'ढोंगी', 'साळसूद', 'वरकरणी नम्र' असे पर्याय हाताशी असताना तो शब्द टाळावा, हे आमचं मत.

11. आणि 'लोभस', 'लडिवाळ'?

'लोभस' दिसण्याबद्दल आहे, झोपलेलं बाळही लोभस असतं. 'लडिवाळ'मध्ये लाड करून घेणं आहे आणि ते घरच्या माणसांपुरतं शोभतं. लाघवी परक्याशीही होता येतं.

12. इंग्रजी 'स्वाव्ह'ला मराठीत 'लाघवी' म्हणावं का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न अनुवादकांकडून सर्वाधिक येतो, म्हणून थोडं सविस्तर.

'स्वाव्ह' हा लॅटिन 'सुआविस' म्हणजे गोड, सुखद, यापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला शब्द. आपला 'स्वादु' त्याचा दूरचा भाऊबंद आहे, म्हणजे मुळात गोडवा दोन्हीकडे आहे. पण आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ घासूनपुसून चकचकीत केलेलं वागणं असा आहे. तो माणूस आत्मविश्वासाने भरलेला असतो, मोठ्या लोकांत वावरायला सरावलेला असतो, आणि बहुधा पुरुष असतो. तो स्वतःचं वजन कमी करत नाही. लाघवी माणूस नेमकं तेच करतो (प्रश्न 2). दोघांची दिशाच उलटी.

एक उदाहरण घ्या. कादंबरीत हॉटेलचा स्वाव्ह मॅनेजर खोली रिकामी नसल्याचं सांगतो. "मॅनेजर लाघवी हसला आणि खोली नसल्याचं म्हणाला" असा अनुवाद केला तर मराठी वाचक पुढच्या ओळीत खोलीची सोय होण्याची वाट पाहतो. लाघवी हसणाऱ्याने दार लावणं त्याला पटत नाही. "मॅनेजर सफाईदार हसला आणि खोली नसल्याचं अदबीने सांगितलं" असं केलं की चित्र बसतं.

मग प्रसंग पाहून शब्द निवडावा. कपडे, चाल, उभं राहणं यांबद्दल असेल तर 'रुबाबदार'. हा 'रुबाब' अरबीतल्या धाकाच्या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, त्यामुळे त्यात वजन आहेच. हसतीखेळती ऐट असेल तर 'ऐटबाज'. बोलण्यातलं, वागण्यातलं कसब असेल तर 'सफाईदार', पण 'सफाईने खोटं बोलला' असंही आपण म्हणतो, म्हणून त्यात थोडा थंडपणा असतो आणि स्वाव्हमध्येही तो असतोच. आवाजाबद्दल असेल तर 'मुलायम' किंवा 'मखमली'. मुरलेल्या राजदूताबद्दल असेल तर 'शिष्टाचारात मुरलेला'. खलनायकाबद्दल असेल तर 'गुळगुळीत' हा शब्द फार नेमका बसतो, कारण गुळगुळीत गोष्ट हातातून निसटते.

'लाघवी' केव्हा चालेल? मूळ वाक्यात तो माणूस समोरच्या एकाला वळवत असेल, त्याच्यात ऊब असेल आणि वाचकाला तो आवडावा असं लेखकाला वाटत असेल, तेव्हा बिनदिक्कत वापरा.

13. 'अर्बेन'ला 'नागर' हा तंतोतंत प्रतिशब्द नाही का? दोन्ही शहरावरूनच आले आहेत.

बांधणी तंतोतंत आहे. लॅटिन 'उर्ब्स' म्हणजे शहर, त्यावरून इंग्रजी 'अर्बेन', म्हणजे शहरी रीतीभातीत मुरलेला, अदबशीर. 'नगर'वरून 'नागर', म्हणजे शहरी, म्हणून रसिक, चतुर, देखणा. ज्ञानेश्वरीत (शके 1212, म्हणजे इ. स. 1290) हा शब्द याच झळाळीने येतो. दहाव्या अध्यायात "देशियेचेनि नागरपणें । शांतु शृंगारातें जिणे" असं म्हटलं आहे, म्हणजे देशी भाषेच्या देखणेपणामुळे शांतरस शृंगारावर मात करील. शहरावरून आलेला शब्द ज्ञानेश्वरांनी लोकभाषेच्या अंगावर दागिन्यासारखा घातला, हे पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

अडचण आजची आहे. आता 'नागर' म्हटलं की 'नागर समाज', 'नागर वस्ती' असं समाजशास्त्र डोळ्यांपुढे येतं. "तो फार नागर आहे" हे सर्वसामान्य वाचकाला कळणार नाही. शिवाय त्याच्यासमोर 'ग्रामीण' आपोआप उभं राहतं आणि खेड्यातल्या माणसाला अदब नसते असं सुचतं, जे खोटं आहे. समीक्षेत 'नागर शैली' म्हणा. कथेत 'सुसंस्कृत', 'अदबशीर' बरे.

'शालीन' त्याच्या अगदी विरुद्ध टोकाहून आला. 'शाला' म्हणजे घर, त्यावरून संस्कृतात भिडस्त, लाजरा असा त्याचा अर्थ. आज त्यात मर्यादशील सौजन्य आहे. शालीन माणूस लाघवी असेलच असं नाही, तो गप्पही असू शकतो.

14. 'लाघवी'च्या उलट शब्द कोणता?

'तुसडा' सगळ्यांत जवळचा. तोही समोरच्याकडे वळलेला असतो, फक्त टोचायला. 'फटकळ' तोंडाने तुटक असतो, मनाने चांगला असू शकतो. 'रोखठोक' हा विरुद्धार्थी नव्हेच, रोखठोक माणूस वेळप्रसंगी लाघवीही असतो. 'घुमा' म्हणजे मनातलं न बोलणारा. शाळेच्या वहीत एकच लिहायचा असेल तर 'तुसडा' लिहावा.

'शिष्ट'बद्दल बरेच जण विचारतात. संस्कृतात शिष्ट म्हणजे सुशिक्षित, सभ्य, आणि 'शिष्टाचार', 'शिष्टमंडळ' यांत तो मान अजून टिकून आहे. बोलीत मात्र 'शिष्ट' म्हणजे आढ्यतेने लांब राहणारा. त्या अर्थाने तो लाघवीच्या विरुद्ध खरा.

15. 'शब्दलाघव' म्हणजे गोड बोलणं ना?

नाही. शब्दलाघव म्हणजे कमी शब्दांत नेमकं सांगणं. इथे 'लाघव' मूळच्या हलकेपणाच्या अर्थाने आहे, शब्दांचा भार कमी. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, या अर्थाचं संस्कृत वचन प्रसिद्ध आहे, त्यातलं लाघव हेच. त्यामुळे "वक्त्याने आपल्या शब्दलाघवाने श्रोत्यांना दोन तास खिळवून ठेवलं" हे वाक्य आतूनच विसंगत आहे. दोन तास आणि शब्दलाघव यांचं जमत नाही. तिथे 'लाघवी वाणीने' हवं.

'हस्तलाघव' म्हणजे हाताची सफाई. जादूगाराचं, तबलजीचं, शस्त्रक्रिया करणाऱ्याचंही. आयुर्वेदात व्यायामाच्या फायद्यांत 'लाघव' सांगितलं आहे, तिथे ते अंगाचा हलकेपणा. नियम सोपा आहे. समासाच्या शेवटी 'लाघव' आलं की हलकेपणा किंवा कौशल्य, आणि माणसाच्या आधी 'लाघवी' आलं की जिव्हाळ्याची मोहिनी.

16. जुन्या अभंगांत देवाला 'लाघवी' म्हटलेलं आढळतं. देव गोड बोलतो असा अर्थ घ्यायचा का?

नाही, तिथे आधीचा थर आहे. 'लाघव' म्हणजे करामत, लीला, न कळणारी युक्ती. बाहुल्या नाचवणारा सूत्रधार लाघवी, भुरळ घालणारी माया लाघवी, आणि सगळं करून नामानिराळा राहणारा कृष्णही लाघवी. वर्गात शिकवताना आजचा अर्थ घेतला तर ओळ गोड वाटते, पण तिचा रोख चुकतो. 'करामती' किंवा 'मायावी' ठेवून वाचा. ओळ लागली तर अर्थ बरोबर.

17. हिंदीत हा शब्द याच अर्थाने चालतो का?

नाही. हिंदीत 'लाघव' म्हणजे हलकेपणा, संक्षेप, चपळाई. आपल्या 'लाघवी स्वभाव'साठी तिथे 'मिलनसार' किंवा 'मोहक' अशा शब्दांकडे जावं लागतं. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत दोन्ही भाषा एकाच ओट्यावर असतात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मराठीतून हिंदीत तोच शब्द उचलून नेला तर समोरच्याला काही कळणार नाही.

18. शिफारसपत्र, बायोडेटा किंवा श्रद्धांजलीत 'लाघवी' लिहावं का?

शिफारसपत्रात नको. तिथे काम बोलायला हवं. 'लाघवी' वाचून वाटतं की कामाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. स्त्री सहकाऱ्याबद्दल लिहिताना तर टाळाच. 'मृदुभाषी', 'मनमिळाऊ', 'तक्रार शांतपणे हाताळणाऱ्या' असं लिहा. शेवटचं सर्वांत चांगलं, कारण त्यात कृती आहे.

लग्नाच्या बायोडेटात स्वतःबद्दल 'लाघवी' लिहू नये. हा शब्द दुसऱ्याने द्यायचा असतो. श्रद्धांजलीत "लाघवी स्वभावाने सर्वांची मने जिंकली" हे इतक्यांदा छापून आलं आहे की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी त्या माणसाची एक सवय लिहा. दारात आलेल्या प्रत्येकाला नावाने हाक मारायचे, पोस्टमनला पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नसत. 'लाघवी' हा शब्द न लिहिताही तो वाचणाऱ्याच्या मनात उमटतो.

19. मुलीचं नाव 'लाघवी' ठेवायचं आहे. अर्थ चांगला आहे ना?

अर्थ चांगला आहे आणि नाव कानाला गोड आहे. फक्त प्रश्न 3 मधली कान्याची अडचण जन्मभर सोबत राहील हे धरून चाला. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर देवनागरीतलं नाव तिथल्या तिथे अक्षर-अक्षर तपासून घ्या. पहिल्याच दाखल्यात काना सुटला तर पुढचे कागद त्यावरूनच तयार होतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ला' दीर्घ दाखवायला दोन ए ठेवावेत. एकच ए ठेवला तर त्यावरून पुन्हा देवनागरी करणारा माणूस किंवा संगणक काना गाळण्याची शक्यता फार असते. ही धास्ती नको असेल तर 'मार्दवी' हे 'मृदु'वरून आलेलं नाव त्याच साच्यातलं आहे, आणि त्यात काना सुटला तरी दुसरा शब्द होत नाही.